नदीनं परत दिलेला शर्ट

ह्या शर्टाकडं बगताय न्हवं पावणं? बगा की, त्यात लाजायचं काय, सगळीच बगत्यात. लुगड्यावर गड्याचा चौकटीचा शर्ट घालून म्हातारी नदीत उतरती म्हटल्यावर माणसं बगणारच. शर्टाचं सांगते, पर आदी बसा, ह्या पायरीवर ऊन जरा कमी हाय. माजं नाव इंदू, सगळी इंदूमावशी म्हणत्यात, काय जणं पिशवीवालीबी म्हणत्यात, मला आता त्येचं काय वाटत न्हाय. आन् तुम्ही लिवून घेताय तर पयलं ह्ये लिवून घ्या, मला माज्या पोराकडनं एकच गोष्ट पायजे हुती, जमीन न्हाय, सोनं न्हाय, नुस्ता एक शब्द, की आई तू गेलीस म्हंजे तुजं कायबी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ह्या नदीत टाकणार न्हाय. एवढंच. आन् तेवढाच शब्द त्येच्या तोंडातनं निघत न्हवता. अगं आई असलं वंगाळ कशाला बोलतीस म्हणायचा आन् मोबाईल कानाला लावून भाईर जायचा.

माजं म्हायेर गारगोटीच्या अलीकडं, वेदगंगेच्या काठाला. वडलांची शेती, दोन म्हशी, आमी चार भणी आन् एक भाऊ. नदी म्हंजे आमच्या घरातलीच एक खोली हुती म्हणा की. उन्हाळ्यात आई वाळूत हातानं झिरा उकरायची, म्हंजे खड्डा वो, त्यात पाणी पाझरून निवळून वर यायपतोर आमी पोरी भवतीनं बसायचो. कुणी बोलायचं न्हाय, बोललं की पाणी गढूळ हुतंय असं आई म्हणायची. आता कळतंय, तिला तेवढाच जरा निवांतपणा मिळत हुता. मग वाटीवाटीनं घागर भरायची. त्या वाळूत काय सापडायचं सांगू तुम्हाला? शिंपलं, गुळगुळीत खडं, कवातरी कुणाच्या बांगडीचा तुकडा. आन् पिशवी म्हटलं की कापडाची, दुसऱ्या कशाची पिशवी असती ह्येच आमास्नी ठाऊक न्हवतं.

लगीन झालं आन् कोल्हापुरात आले. आमचं मालक गुळाच्या मार्केटात हमाल, आन् माजी सासू, आमी तिला आत्ती म्हणायचो, ती हितंच ह्या पंचगंगेच्या घाटावर फुलांची बुट्टी घिऊन बसायची. हार, सुटी फुलं, तुळस, बेल, कापूर, नारळ. लई खट बाई. लग्नाची हळद उतरायच्या आदी मला बुट्टीजवळ बसवली आन् गाठ शिकवाय लागली. फुलं पळसाच्या पानात गुंडाळायची, वरनं केळीच्या सोपटाचा दोरा, सोपट म्हंजे केळीच्या खोडाची वाळकी साल, आन् त्येला गाठ. दोन येढं द्यायचं आन् टोक मुडपून आत घालायचं. कितीबी हिसका बसला तरी ती गाठ सुटत न्हाय, आन् त्येच टोक वडलं की एका झटक्यात मोकळी हुती. माज्या हातनं चुकली की आत्ती बोटावर फटका द्यायची. म्हणायची, देवापुढं माणूस गाठ सोडत बसलं तर त्येचं सगळं ध्यान गाठीत जातंय गं, देवाला काय ऱ्हातंय मग. घाटावर दुसऱ्या फुलवाल्या हुत्या, त्येंच्या गाठी निराळ्या. आमची गाठ लांबनं वळकू यायची.

आत्ती गेली, बुट्टी माज्याकडं आली, आन् मागोमाग त्या पिशव्या आल्या. निळ्या, गुलाबी, पातळ. गिऱ्हाईक सोताच मागाय लागलं, मावशी पानातनं पाणी गळतंय, गाडीच्या डिकीत वलं हुतंय, कॅरीबॅग द्या. दिली. काय वाईट वाटलं न्हाय मला, उलट बरं वाटलं, पळसाची पानं आणाय कोण जाणार रोज. पिशवीचं दोन कान धरायचं, दोन येढं, टोक मुडपून आत, झालं. गाठ तीच. हातानं नुस्तं त्येच केलं बगा कितीक वर्सं. पोराची शाळा त्येच्यावर झाली, पोराचं लगीन त्येच्यावर झालं. संभाजी नाव पोराचं. आता कळंब्याकडं मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय त्येचं, तिकडंच घर बांधलंय, मी तिकडनं शिटी बसनं येते दर ऐतवारी.

तर काय सांगत हुते, पिशव्या. तिसऱ्या दिवशी रक्षा सोडाय माणसं यायची, आपलं माणूस जाऊन दोन दिवस झालेलं, डोळं सुजलेलं, कुणी जागेवर नसायचं. माज्याकडनं फुलं घ्यायची, पायऱ्या उतरायची, आन् फुलं पिशवीतनं भाईर काढायचीबी शुद्ध नसायची, बांधलेली पिशवी हाय तशी पाण्यात सोडून हात जोडायची. मी वरनं बगायची. रोज बगायची पावणं. आन् कवाबी माज्या मनात आलं न्हाय की ही पिशवी जाती कुटं. पाण्यात गेली म्हंजे गेली. आपल्या माणसांचं असंच हाय बगा, देवाची वाळलेली फुलं उकिरड्यावर टाकली तर पाप, आन् पिशवीत बांधून नदीत टाकली तर पुण्य. फुटलेल्या काचंचा देवाचा फोटोबी नदीत. मी काय येगळी न्हवते त्यात.

मग त्यो महापूर आला. पाणी पार वर रस्त्याला लागलं, आमी पत्र्याच्या शाळंत जाऊन ऱ्हायलो. पाणी उतरल्यावर आमी फुलवाल्या आपापली जागा बगाय आलो तर जागा कसली, सगळा चिखल. आन् झाडं. त्या करंजाकडं बगा, त्येच्या शेंड्यापतोर पाणी गेलतं, आन् फांदी न् फांदी पिशव्यांनी भरलेली. दिवाळीला आकाशकंदील लावावं तशा लोंबत हुत्या. एक निळी पिशवी माज्या हाताला लागंल एवढ्यावर हुती. फुगलेली, तोंड बांधलेलं. आन् मला गाठ दिसली पावणं. दोन येढं, टोक मुडपून आत. मी टोक वडलं, एका झटक्यात सुटली. आत काळा चिखल, आन् त्यात हाराची जर तशीच चमकत हुती. कवाची असंल? एका वर्साची, धा वर्साची, मला काय ठाऊक. फुलाची माती झाली हुती आन् माजी गाठ हाय तशी. मी भवतीनं बगितलं, कुणी बगत न्हाय न्हवं, आन् पिशवी कंबरंला खवली. त्या दिवशी मला भाकर गेली न्हाय. घरात कुणाला सांगितलं न्हाय. मालकांस्नीबी सांगितलं न्हाय.

हितं ऐतवारचं एक सर यायचे, रिटायर झालेले, सगळी त्येंना सरच म्हणत्यात, आन् त्येंच्यासंगं चारपाच कॉलेजच्या पोरी, एक बँकंतलं साहेब. नदीतला कचरा काढायचे. आमी फुलवाल्या त्येंना हसायचो, म्हणायचो घरात काम न्हाय वाटतं ह्येंना. पुरानंतरच्या ऐतवारी मी गेले आन् म्हटलं सर, मला एक पोतं द्या. ते बगतच ऱ्हायले. म्हणले मावशी, तुम्ही? मी म्हटलं कंबर धरलीया, डॉक्टरनं वाकाय सांगितलंय. काय सांगणार दुसरं? त्यातली एक पोरगी, प्राजक्ता नाव, तिनं मला हातमोजं दिलं. ती अजून येती बगा, ती तिकडं निळी टोपी घालून उभी हाय ती.

लोकांस्नी वाटतंय कचरा म्हंजे हलका. पाण्यातली पिशवी वाळूनं भरती, मुळात अडकती, केंदाळात, म्हंजे जलपर्णीत, गुतती, बांबूच्या आकड्यानं वडली तर अर्दी फाटून हातात येती आन् अर्दी खालीच ऱ्हाती. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा असतोय न्हवं, चिमटीएवढा, तेवढा तर कुणाच्यानंच येचून हुत न्हाय. त्या पाण्यानं हाताला खाज सुटती ती बुधवारपतोर ऱ्हाती. आन् सगळं काढून, पोती भरून, गाडीत घालून वर आलं, पाय धुतलं, च्या घ्यायला बसलं, की तवर त्या पुलावर मोटारसायकल थांबती. मागं बसलेली बाई पिशवी सोडती, डुब्ब आवाज हुतोय, ती हात जोडती आन् गाडी चालू. दर ऐतवारी. पयलं मी वरडायची, अवो पावणं, फुलं सोडा की, पिशवी घरी न्या. एकानं मला वरनं इचारलं, तुज्या बापाची नदी हाय व्हय गं? मी म्हटलं व्हय, बापाची हाय, तुज्याबी बापाची हाय, ये खाली. त्यो आला न्हाय. आता मी वरडत न्हाय. दमते वो. आवाजबी ऱ्हायला न्हाय.

आन् धंदा? मी पिशव्या द्यायच्या बंद केल्या. केळीचं पान आन् वर्तमानपत्राचा कागद. गिऱ्हाईक शेजारच्या बुट्टीकडं गेलं. शेजारीण म्हणायची, आक्का तुज्यामुळं माजं बरं चाललंय, अशीच ऱ्हा. तिच्या पिशव्या मी ऐतवारी पाण्यातनं काढायची, आन् सोमवारी आमी दोघी एका किटलीतला च्या प्यायचो. भांडून काय करायचं, तिलाबी पोरं हायत.

एकदा सरांनी आमास्नी गाडी करून कोकणात नेलं, समुद्र साफ कराय. तितली माणसंबी आमच्यागतच ऐतवारी येचत्यात म्हणे. साठीला टेकले तवा मी समुद्र बगितला. काय सांगू तुम्हाला, मला आदी भ्याच वाटलं, एवढं पाणी आन् पल्याड काट न्हाय. मग खाली बगितलं तर वाळूत त्येच, दुधाचं कोपरं, चपला, दोऱ्या, बाटल्या. मी सरांस्नी इचारलं, आपली नदी हितंच येती न्हवं? मला वाटत हुतं आपणच टाकलं, आपणच येचतोय, हिशोब बरुबर हाय. सर म्हणले न्हाय मावशी, आपली पंचगंगा उलट्या अंगाला जाती, कृष्णेला मिळती आन् पार तिकडच्या, दुसऱ्या समुद्राला. म्हंजे बगा, आपलं कुणीतरी तिकडं येचणार आन् दुसऱ्याचं आपण हितं येचणार. परतताना घाट चढूस्तवर मी त्येच इचार करत बसले, की तिकडं कुणीतरी बाई वाळूत वाकून पिशवी उचलत असंल, आन् तिला ती गाठ कशी सोडायची ह्ये कळत नसंल.

आमचं मालक माजी लई टिंगल करायचं. अख्ख्या कोल्हापूरचा संसार आवराय निघालीस आन् घरात च्याला दूध न्हाय, असं म्हणायचं. पर ऐतवारी माज्यासंगं यायचं. पाण्यात उतरायचं न्हाय, गुळाचं रवं, म्हंजे ढेपा, उचलून उचलून पाठ गेलती त्येंची, ते ह्या वरच्या पायरीवर माज्या चपला घिऊन बसायचं. डोस्क्यावर टोपी, खांद्यावर पंचा, अंगात ह्योच शर्ट. एकदा मी भरलेलं पोतं वडत हुते ते बगवलं न्हाय त्येंना, खाली आलं आन् पाठीवर घेतलं. वर नेऊन टाकलं आन् म्हणलं, इंदे, गुळाचं पोतं ह्येच्यापरास हलकं गं, ते कुणाला तरी पायजे तरी असतंय. आन् हसलं. त्येंच्या तंबाखूनं काळं पडलेलं दात अजून दिसत्यात मला.

गेल्या थंडीत गेलं. सकाळी उठलं, छातीत कळ आली म्हणलं, संभाजी रिक्षा आणाय गेला, रिक्षा दारात यायच्या आत सगळं संपलं. लई लोळलं न्हाईत, कुणाला तरास दिला न्हाय, माणसं म्हणली नशिबवान. चाळीस वर्सांच्या वर एका ताटात जेवलो वो आमी.

तिसऱ्या दिवशी रक्षा. आमच्यात गेलेल्या माणसाचं अंगावरचं कापडबी त्या दिवशी नदीला देत्यात. माणसं अंगणात गोळा झालती, जीप दारात उभी, कुणी म्हणतंय चला, कुणी म्हणतंय उशीर हुतोय. सून, स्वाती, ती कपाटातनं त्येंचा शर्ट, पंचा, टोपी घिऊन आली आन् माज्याम्होरं ठेवून रडाय लागली. मीबी रडत हुते. मला त्या दिवसाचं एवढंच आठवत हुतं. पुढचं मला काय आठवत न्हवतं पावणं, देवाच्यान. संभाजी घाटावर जाऊन आला, आंगूळ केली, कावळ्याला निवद ठेवला, दिस गेलं, उत्तरकार्य झालं.

पै-पावणं परत गेली. नणंद म्हणली वैनी आता सहा म्हैनं तरी नदीवर जाऊ नगंस, बरं दिसत न्हाय. मी ऐकलं न्हाय. घरात बसलं की त्येंची खाट दिसायची. ऐतवारी बस धरली आन् आले. सरांनी नुस्तं पोतं दिलं. प्राजक्ता त्या खालच्या बुरुजाकडं आकडा घालून वडत हुती, तितं दगडाच्या खाचंत कायम कायतरी अडकतंय. तिनं वडून काढलं आन् म्हणली, मावशी, ह्यात कपडे आहेत वाटतं, कापडाच्या पोत्यात टाकू की वेगळे ठेवू?

पांढरी पिशवी, दुकानाची, संभाजीच्या दुकानात असती तसली. मी हात म्होरं केला आन् गाठ बगितली.

दोन येढं. टोक मुडपून आत.

माज्या हाताला एकदम सगळं आठवलं पावणं. डोस्क्याला न्हाय, हाताला. स्वातीनं कापडं म्होरं ठेवली, मी शर्टाची घडी घातली, पंच्याची घातली, वर टोपी ठेवली, शेजारी पडलेली पिशवी वडली आन् बांधून पोराच्या हातात दिली. मी. सगळ्या कोल्हापूरला शिव्या घातल्या, पुलावरच्या बाईला वरडले, शेजारणीच्या पिशव्या काढल्या, आन् माज्या नवऱ्याला माज्या हातानं प्लॅस्टिकात बांधून नदीत पाठवलं. मी तितंच पाण्यात बसले. प्राजक्ता घाबरली, सर धावत आले, ऊन लागलं का मावशी म्हणाय लागले. मी म्हटलं न्हाय सर. ह्ये माजं हाय.

मी टोक वडलं. सुटली. आन् काय सांगू तुम्हाला, आत पाणी गेलंच न्हवतं. इतकं दिवस नदीत पडून त्येंची टोपी कोरडी हुती. मी तोंडाला लावली तर वास आला, त्येंचा, तंबाखूचा, डोस्क्याच्या तेलाचा. मेलेल्या माणसाचा वास आला मला त्या नदीत बसून. त्या टायमाला मी त्या पिशवीला हात जोडाय निघालते पावणं, खोटं कशाला बोलू. ज्या पिशवीशी मी इतकी वर्सं भांडले तिनंच माजा माणूस माज्यासाठी राखून ठेवला हुता. मी किती येळ रडले मला म्हाईत न्हाय. मग पिशवी झटकली आन् माज्या हातानं प्लॅस्टिकच्या पोत्यात टाकली.

आता कापडाचं काय करायचं? नदीला दिलेलं घरात परत आणायचं नसतंय. आन् पुन्ना नदीत टाकाय माजा हात हुईना. तिकडं वर पोरींनी एक जांभळाचं रोप लावलंय, त्येच्या बुडात आमी खड्डा काढला, पंचा आन् टोपी मातीत ठेवली. सुती हाय, माती खाईल. शर्ट ठेवाय लागले तर सर हळूच म्हणले, मावशी, हा टेरिकॉटचा आहे, ह्यातसुद्धा प्लॅस्टिकच असतं, मातीत जाणार नाही. बगा म्हंजे. मातीलाबी नगं, पाण्यालाबी नगं. आता दुसरं कोण घेणार? मी झटकला, लुगड्यावर घातला, आन् राहिलेलं पोतं भराय लागले. तवापासनं घालते. उन्हात बाह्या बऱ्या पडत्यात, हाताला खाजबी कमी सुटती.

त्यो शर्ट घालून घरात गेले तर संभाजीचं तोंड पांढरं फटक पडलं. म्हणला आई, ह्यो तर आबांचा, ह्यो कुटनं आणलास? मला राग आलता, सगळा रस्ता रागच रचत आलते. म्हटलं तुला लाज न्हाय वाटली, बापाला पिशवीतनं फेकलास? त्यो म्हणला, आई, तूच बांधून दिलीस की. मी सोडाय बगितली तितं, गाठ सुटंना, आन् म्हटलं आईनं बांधलीया, आईला कळतंय, कशाला सोडा. म्हणून तशीच सोडली.

आत्तीची गाठ मी त्येला शिकवलीच न्हवती. गड्याला कशाला शिकवायची म्हणून. कुठलं टोक वडायचं ह्येच त्येला म्हाईत न्हवतं.

त्या दिवशी मी त्येला म्हटलं, झालं ते झालं, चूक माजी. पर मला एक शब्द दे, माज्या टायमाला पिशवी न्हाय. तर त्यो उठून गेला. मग दर चारआठ दिवसांनी मी इचारायची आन् त्यो उठून जायचा. बाप जाऊन दोनचार म्हैनं झालं न्हाईत तवर आई मरणाचं बोलती, त्येलाबी तरास हुत असंल, न्हाय म्हणत न्हाय मी. पर मला भ्या वाटतंय. मरणाचं न्हाय वो. मी गेल्यावर अंगणात अशीच माणसं गोळा हुणार, जीप उभी ऱ्हाणार, चला चला म्हणणार, आन् कुणीतरी शेजारी पडलेली पिशवी वडणार. शुद्ध कुणाला असती त्या टायमाला? मलाच न्हवती, त्येंना कुटनं असणार?

म्हणून मी पिशवी शिवली. आत्तीचं एक जुनं सुती लुगडं ट्रंकंत हुतं, मऊ पडलेलं, त्येचीच. दोन पदरी, वर नाडी. खोलीतल्या खिळ्याला अडकवली आन् स्वातीला सांगितलं, माजी कापडं ह्यात घालायची आन् त्या जांभळाच्या बुडात न्यायची, माज्या लुगड्यात टेरिकॉट न्हाय, सगळं बगून घेतलंय. ती मलाबी आत्तीच म्हणती, व्हय आत्ती म्हणली, आन् दुसऱ्या दिवशी तीच पिशवी घिऊन भाजीला गेली. मी बगितलं तर नाडीला मेथीची पानं. मला आदी राग आला, मग हसू आलं. तिचा काय दोष, तिला सोयीची वाटली, धरायला बरी, धुतली की वाळती. दर मंगळवारी न्यायची.

तर परवाच्या मंगळवारी काय झालं, ती भाजी घिऊन आली, पिशवी वट्ट्यावर ठेवली, आन् संभाजी जेवत हुता त्येनं ती बगितली. घास तसाच हातात धरला आन् तिला म्हणला, स्वाती, ती पिशवी भाजीला न्यायची न्हाय. ती आईची हाय. धुवून खिळ्याला लाव, आन् तितनं हलवायची न्हाय. आन् माज्याकडं न बगताच म्हणला, आन् मला ती गाठ शिकीव आई, नाडीला कसली मारायची ती.

मी पाणी प्याले. मग स्वातीला म्हटलं, ने गं भाजीला, नुस्ती लोंबकाळून काय करायची. अजून माजा दम हाय दोनचार वर्सं. जवा लागंल तवा त्यातली मेथी तेवढी काढून घ्या म्हंजे झालं.

काल रातच्याला जेवणं झाल्यावर त्येला नाडी दिली हातात. तीनदा चुकला. मी त्येच्या बोटावर फटका दिला.

चला, सरांनी हाक मारली बगा, खालची पोती वर घ्यायची ऱ्हायल्यात. गुडघं काय म्हणत्यात ते आता इचारू नगा. तुम्हीबी या की खाली, एक टोक धरा पोत्याचं. आन् च्या पिऊन जावा, थर्मासात हाय, कागदी कप आणू नगा म्हटलंय सगळ्यास्नी, मालकांचा पेला हाय, त्यात देते तुम्हाला. देव तुमचं बरं करो.